टोमॅटोच्या पानाची चटक

मोठ्याने सांगते, शेजाऱ्यांनाही ऐकू जाऊ दे: यातला शब्द न् शब्द खरा! खोटं बोलत असेन तर ही कवळी आत्ताच्या आत्ता तोंडातून गळून पडो. पडली? नाही ना? मग बसा गप.

तेव्हा मी प्रयोगशाळेत अळ्या सांभाळायची. दात काढू नका. हिरव्यागार, शेपटीवर शिंग, वाढल्या की माझ्या अंगठ्याहून जाड! दोनशे डबे, डब्यात एकेक अळी. त्यांचा खुराक शिजवायच्या माझ्या वन्सं, म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. मला नोकरी त्यांनीच लावून दिलेली, आणि हे त्या दिवसातून तीनदा ऐकवायच्या. पीठ, दुधाची भुकटी, यीस्ट असलं शिजवून साबणासारख्या वड्या पाडायच्या. खोलीच्या दारावर पाटी होती, ‘आत पान आणू नये.’ का, ते मी विचारलं नाही.

पण अंड्यातून निघालेली ती दोऱ्याएवढी लेकरं आणि पुढ्यात साबणाची वडी! मला बघवेना. मागच्या काचघरात टोमॅटो होते. रोज सकाळी साहेब यायच्या आधी कोवळं पान द्यायचं, उरल्या शिरा उचलायच्या आणि वडी नखाने टोकरून ठेवायची, खाल्ल्यासारखी. अळ्या अशा गुटगुटीत झाल्या म्हणता! वन्सं म्हणायच्या, “बघ, माझ्या हाताची चव.” मी म्हणायची, “हो तर.”

मग मला ताप आला. दोन दिवस घरी.

तिसऱ्या दिवशी गेले तर खोलीत माणसं उभी. अळ्या झाकणांवर फिरत होत्या. एक वडीशी आली, तोंड टेकवलं, मान काढून घेतली. पुन्हा टेकवलं, पुन्हा काढली. सव्वीस मेल्या होत्या.

साहेब वन्संना म्हणाले, “बाई, यीस्ट जुनं वापरलंत?”

“नाही साहेब.”

“मग भांडं नीट धुतलं नसेल. चार वाजता वरच्या ऑफिसला फोन करायचाय. तुमचं नाव घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.”

सतरा वर्षांची नोकरी. वन्सं विधवा, पोटी मूल नाही. हातातला डाव त्यांनी टेबलावर ठेवला, तो वाजला. आणि खरं सांगू? माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? नोकरी गेली की या दिवसभर माझ्याच स्वयंपाकघरात बसणार!

मी विचारलं, “साहेब, असं तोंड लावून का सोडतायत?”

त्यांनी मला भिंगातून दाखवलं. तोंडाच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक खुंट्या. “चव यांना इथे कळते. जन्मल्यापासून वडीच खाल्ली तर पुढे काहीही चालतं. पण ही अळी टोमॅटोच्या पानावर वाढली, तर त्या पानातला एक पदार्थच या खुंट्या शोधत बसतात. तो नसला की अन्न समोर असून उपाशी मरेल. म्हणून तर ती पाटी. पण यांनी पान पाहिलेलंच नाही. तेव्हा खोट वडीतच.”

मी नखं पदराखाली लपवली. घड्याळात साडेतीन.

एक अळी झाकणावरून पडली, ती उठली नाही. सत्तावीस. वन्सं पदराने डोळे न पुसता भांडी पुसत बसल्या. ती भांडी चकचकीतच होती. पावणेचार. साहेबांनी फोन जवळ ओढला.

मी धावले. काचघरातून मूठभर पानं ओरबाडली, तळहातावर चुरडली, रस वडीवर चोळला आणि वडी डब्यात ठेवली.

“हे काय करताय?” साहेब ओरडले.

अळीने तोंड टेकवलं. थांबली. इतकी शांतता, की तिच्या पोटातले कावळे ऐकू यावेत. आणि मग सुरू झाली! कोपऱ्यापासून, करकर करकर, मान वर न करता. दुसऱ्या डब्यात तेच. तिसऱ्यात तेच.

साहेबांनी फोन सोडला. “म्हणजे यांनी पान खाल्लंय. कुणी दिलं?”

“मी!” असा खणखणीत आवाज दिला मी, की काचा हादरल्या. “पहिल्या दिवसापासून. वन्संचा काही दोष नाही.”

अळ्यांची खोली माझ्याकडून गेली. बाटल्या धुवायला बसवलं. वन्संची नोकरी राहिली. त्या आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि बोलल्या तेव्हा एवढंच, “माझ्या वड्या नखाने टोकरायचीस? लाज नाही वाटली?”

आता सांगूनच टाकते, कवळीचं काय सांगावं. तो खणखणीत आवाज मी पदरचा घातला. आवाज फुटलाच नव्हता. वन्संनी दोनदा विचारलं, “तूच दिलंस का गं?” तेव्हा कुठे मान हलली.