ग्लेनिस गाडीखाली

"डावीकडे फिरव."

"कुणाच्या डावीकडे?"

"बोल्टच्या."

"बोल्टला डावं-उजवं असतं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं," ग्लेनिस गाडीखालून म्हणाली.

मर्व्हने खुर्चीत जरा पुढे झुकून पाहिलं. गाडीखालून बायकोचे दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते, त्याच्याच जुन्या डांगरीत, घोट्यापाशी दोनदा दुमडलेल्या. पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर चढवलेली होती, मागच्या चाकांना विटा लावल्या होत्या. तेवढं सगळं त्याने स्वतः उभं राहून करून घेतलं होतं आणि मगच खुर्चीत बसला होता.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मून्टा गावात त्यांचं घर होतं त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या शेडमध्ये जी जी गाडी उभी राहिली, तिचं ऑइल मर्व्हनेच बदललं. जवळच्या वॉलरू बंदराच्या धक्क्यावर बोटीत धान्य भरणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यात त्याचा जन्म गेला होता. गाडीला परक्याचा हात लागलेला त्याला खपत नसे. पण जूनमध्ये त्याच्या मेंदूतली एक बारीकशी नस तुंबली. वाचा आठवड्यात परत आली, पाय महिन्याभरात आला, उजवा हात मात्र अजून यावं की न यावं याचा विचार करत होता. डॉक्टरने पुढचं सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही असं बजावलं होतं.

गुरुवारी त्यालाच दाखवायला ॲडलेडला जायचं होतं आणि ऑइल बदलायची वेळ कधीच टळून गेली होती. ग्लेनिस म्हणाली, गॅरेजमध्ये टाकू. मर्व्ह म्हणाला, ती पोरं बोल्ट असा आवळतात की पुढच्या माणसाने काढूच नये. शेजारचा नेव्हिल कुंपणावरून म्हणाला, मी करून देतो.

"नेव्हिलच्या हातात मी गवत कापायचं यंत्रही देणार नाही," मर्व्ह घरात येऊन म्हणाला.

"मग मी करते."

मर्व्ह हसला. जूननंतर पहिल्यांदाच असा मोकळा हसला, म्हणून ग्लेनिसने आपलं ते बोलणं मनावरच घेतलं.

ती नर्स. एक्केचाळीस वर्षं आसपासच्या वाड्या-शेतांवर घरोघर हिंडून तिने जखमा धुतल्या होत्या, टाके काढले होते, अंगठ्यात रुतलेले मासेमारीचे गळ उपटले होते. 'सावकाश, घाई नाही, जमतंय,' हे शब्द तिने किती जणांना ऐकवले असतील याची गणती नव्हती. आता ते ऐकून घ्यायची पाळी तिची होती, आणि मर्व्ह तर त्यातला 'घाई नाही' एवढा भाग गाळूनच बोलत होता.

"सुटला का?"

"सुटतोय."

"शेवटचे आटे हाताने काढ. आणि हात पटकन बाजूला घे."

"शेवटचे आटे हाताने, हात पटकन बाजूला," ती मोठ्याने म्हणाली. डॉक्टरांची प्रत्येक सूचना परत म्हणून दाखवायची तिची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

बोल्ट सुटला, हात बाजूला घ्यायला अर्ध्या क्षणाचा उशीर झाला आणि काळंभोर ऑइल तिच्या मनगटावरून जुन्या घमेल्यात पडू लागलं.

"गरम आहे हे. सांगितलं नाहीस."

"पाच मिनिटं इंजिन चालवलं ते काय चहा करायला?"

ती गाडीखालीच हसत पडून राहिली. हसताना पोट हलायचं आणि डोकं वरच्या लोखंडाला लागायचं, त्याचंही तिला हसू यायचं. दाढांचं दुखणं लपवणारे शेतकरी, सुई पाहून मूर्च्छा येणारे दणकट मेंढपाळ, सगळ्यांना तिने असंच हसवलं होतं.

जुना फिल्टर काही केल्या हलेना. मर्व्हने साखळी-पाना पायाने सरकवून दिला, तो कसा अडकवायचा ते डाव्या हाताने हवेत करून दाखवलं, आणि तिने दात-ओठ खात एकदाचा तो फिरवला. मग नव्या फिल्टरच्या रबरी कडीला ऑइलचं बोट लावायचं, हाताने बसवायचा, टेकला की पाऊण फेरा. तिने सगळं परत म्हणून दाखवलं आणि तस्संच केलं. बोल्ट नवं वायसर घालून आवळला. वरून नवं ऑइल ओतलं. मग ती आत बसली आणि तिने चावी फिरवली.

"ऑइलचा लाल दिवा गेला?"

"गेला."

"मग झालं," मर्व्ह म्हणाला, आणि तेवढ्यात गाडीखालून सोनेरी ऑइल दोन्ही बाजूंनी पसरत आलं.

"बंद कर, बंद कर."

तिने चावी फिरवली. ऑइल थांबलं, पण तोवर त्याचा चांगलाच ओघळ मर्व्हच्या खुर्चीपर्यंत पोचला होता.

कुंपणापलीकडे नेव्हिल असणारच होता. तो लाकडाच्या भुशाचं पोतं घेऊन फाटकातून आत आला.

"ऑइल इंजिनात घालतात, ग्लेनिस. आमच्याकडे तरी तशी पद्धत आहे."

"तू भुसा टाक."

ती पुन्हा खाली गेली, फिल्टर काढला आणि बोटाने चाचपलं. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली होती. नवा फिल्टर तिच्यावरच बसला होता, म्हणून फट राहिली होती. कडी सोलून ती बाहेर आली आणि तिने ती मर्व्हला दाखवली.

"ती निघाली का ते बघायचं असतं," मर्व्ह म्हणाला. "सांगितलं होतं मी."

ग्लेनिसने प्रत्येक सूचना मोठ्याने म्हणून दाखवली होती आणि त्यात ही नव्हती. ते मर्व्हलाही आठवलं. त्याचा चेहरा उतरला.

"माझंच चुकलं," ती नेव्हिलकडे वळून म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

"नाही," मर्व्ह म्हणाला. "मी सांगितलंच नाही. शंभरदा केलंय मी हे, ग्लेनिस. शंभरदा. आणि विसरलो."

नेव्हिल खाली मान घालून भुसा पसरत राहिला. ग्लेनिस मर्व्हसमोर भुशातच उकिडवी बसली.

"मी एकदा एका म्हाताऱ्याला दुखऱ्या पायाऐवजी बरा पाय बांधून दिला होता," ती म्हणाली. "चांगला घट्ट. तोही बिचारा थँक यू म्हणून गेला."

"कोण म्हातारा?"

"तुझे वडील."

मर्व्हने तिच्याकडे पाहिलं. मग त्याचे खांदे हसण्याने हलायला लागले, आणि नेव्हिलला पोतं खाली ठेवावं लागलं.

सांडलेलं भरून काढायला ऑइल कमी पडत होतं. नेव्हिलने स्वतःचा डबा आणला. मर्व्हने डब्यावरचं लेबल वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "चालेल." नेव्हिलला याहून मोठी शाबासकी त्याच्याकडून कधी मिळाली नव्हती.

या खेपेला गाडीखाली थेंबही पडला नाही. नेव्हिल जेवायला गेला. ग्लेनिसने गाडी रॅम्पवरून उतरवली, खाली उतरून तोंड-हात पुसले.

"एक चक्कर मारून यायला हवी," मर्व्ह म्हणाला. "चालत्या गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय कळायचं नाही."

तो उठला आणि गाडीकडे चालत गेला तो सरळ उजव्या दाराशी. हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला. ग्लेनिस मागे चिंधी घडी करत उभी होती, ती घडी करतच राहिली.

मर्व्हने डाव्या हाताने दार उघडलं आणि ते धरून बाजूला सरला.

"बस," तो म्हणाला.

ती बसली. त्याने दार हलकेच लावलं, आणि बॉनेटला हात टेकत, सावकाश, वळसा घालून पलीकडे निघाला.