पाच गुरुवारांचा आराम

सिद्धेश्वरीचा पारा चढायला फार काही लागत नसे. त्या दिवशी एक उशी पुरली.

सकाळी अकराच्या सुमाराला शिवूनं आपल्या आईला, निंगव्वाला, चाकांच्या खुर्चीत बसवून दवाखान्यात आणलं. सहा आठवड्यांपूर्वी निंगव्वाच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली होती. ऑपरेशननंतर सिद्धेश्वरीनंच तिला उभं केलं होतं, वॉकर धरून दहा पावलं चालवलं होतं, व्यायाम शिकवून कागद हातात दिला होता. फिजिओथेरपिस्ट म्हणून सोलापुरात दहा वर्षं काढल्यावर तिला एवढा अंदाज होता की बाई सहाव्या आठवड्यात काठी टेकत स्वतः आत येईल. आली ती खुर्चीतून. अंगावर कडक इस्त्रीचं इरकल, केसांना चोपून तेल, आणि ऑपरेशनच्या गुडघ्याखाली गुलाबी फुलांची जाडजूड उशी.

"ही उशी कुणी ठेवली?"

"मीच की, मॅडम." शिवूचा चेहरा फुलला. "नवा कापूस भरून घेतला. पाय जरा बी लोंबू दिला न्हाय."

सिद्धेश्वरीनं उशी ओढली आणि कोपऱ्यात भिरकावली. बाकावर मानेला पट्टा लावून बसलेले गृहस्थ दचकले आणि विसरून मान वळवून बसले.

तिनं निंगव्वाला टेबलावर घेतलं, गुडघ्याला कोन मोजायची पट्टी लावली आणि वाकवायला सांगितलं. गुडघा पंचेचाळीस अंशांवर अडला. पुढं हलेचना. सरळ करायला सांगितला तर पुरता सरळही होईना. उशीवर राहून राहून तसाच आखडला होता. साध्या खुर्चीत नीट बसायचं तर गुडघा नव्वदपर्यंत वाकायला लागतो. नवी वाटी बसवल्यावरचे पहिले आठवडे हेच खरे कामाचे असतात. तेव्हा दुखत दुखत वाकवला तर गुडघा वाकायला शिकतो. तेव्हा जपून ठेवला तर आत सगळं घट्ट धरून बसतं, आणि मग लाखाची वाटी असली तरी तिचा उपयोग शून्य.

"व्यायाम केले होते का?"

"कागद जपून ठेवलाय," शिवू घाईनं म्हणाला. "देव्हाऱ्यात. हरवू नये म्हून."

"देव्हाऱ्यात?" सिद्धेश्वरीचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला. "तो काय विभूती लावायला दिला होता? अहो, तुमच्या आईचा पाय तुम्ही स्वतःच्या हातानं लाकूड करून ठेवलात! सहा आठवडे काय केलंत काय घरी?"

शिवू गरीब स्वभावाचा माणूस. मोटारीच्या सुट्या भागांचं त्याचं दुकान, आईवर जीव. त्याचे डोळे भरून आले, पण बोलला तो सरळच.

"मॅडम, तुमीच तर दर गुरुवारी फोन करून इचारत व्हता, आराम हाय का, आराम हाय का. आमी आराम दिला. मी आन् माज्या बायकोनं, काव्यानं, आईला खाटेखाली पाय टेकू दिला न्हाय. जेवन खाटेवर, आंघोळ खाटेवर. आता यात आमचं काय चुकलं, ते तरी सांगा."

सिद्धेश्वरीनं गुरुवारच्या फोनची वही ओढून उघडली.

खरं होतं ते. शिवूचं घर पार अक्कलकोट रोडच्या टोकाला. सिद्धेश्वरी घरी येऊन बघते म्हणाली होती, पण पेशंटांची रांग हटेना. मग शिवूनंच विचारलं, फोनवर चालेल का, आणि ती सुटल्यासारखी चालेल म्हणाली. निंगव्वाला कानडी जवळची, म्हणून सिद्धेश्वरी हौसेनं कानडीत विचारायची, "अव्वा, आराम इद्दीरी?" म्हणजे बऱ्या आहात ना. तिकडून निंगव्वा म्हणायची, "आराम." मागून शिवू ओरडायचा, "एकदम आराम हाय मॅडम!" आणि ही बया वहीत लिहायची, आराम. हिचा आराम म्हणजे गुण पडला. त्यांचा आराम म्हणजे पडून राहणं. एकच शब्द दोन्ही टोकांनी पकडून पाच गुरुवार दोघंही खूश, आणि मधल्यामध्ये गुडघा आखडत गेला.

तिला स्वतःचा असा संताप आला की वही फाडावीशी वाटली. पण माणसाला स्वतःवर ओरडता येत नाही, म्हणून ती निंगव्वाकडे वळली.

"आणि अव्वा, तुम्ही? तुम्हाला तर मी करून दाखवलं होतं! तुम्हाला सांगता येत नव्हतं फोनवर?"

 निंगव्वानं मान वर केली.

"म्या उठाय बघितलं," ती म्हणाली. "दोनदा. पोरानं पाया पडून शपथ घातली, आव्वा उठू नको. सून रडली. आन् तू? तू इचारलंस आराम का. फोनवर कुनी आराम का म्हनलं तर मानूस काय म्हनतंय? मेलेलं मानूस बी आराम हाय म्हनंल! पाच गुरुवार फोन केलास. एकदा तरी म्हनलीस का, अव्वा, गुडगा किती वाकतोय? एकदा तरी आलीस का बघाय?"

सिद्धेश्वरीनं वही मिटली आणि सर्जनना फोन लावला.

त्याच दुपारी सर्जननी गुडघा पाहिला आणि तीन आठवड्यांची मुदत दिली. नव्वदच्या जवळ आला नाही तर भूल देऊन जोरानं वाकवावा लागेल, म्हणाले. निंगव्वानं तिथल्या तिथं हात जोडले. "पुना त्या टेबलावर म्या चढायची न्हाय. मारून टाका पायजे तर." आणि वाकला नाही तर काय, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. अक्कलकोटच्या पुढं तिचं गाव. तिथं तिचा नवरा, म्हातारा मल्लप्पा, दोन म्हशी घेऊन एकटा होता. एसटी दाराशी थांबायची, पण एसटीची पहिली पायरी ही अशी उंच. आखडलेल्या पायानं ती चढता यायची नाही. शिवू मोटारीतून सोडीन म्हणायचा. पण मुलाला सवड होईस्तोवर खाटेवर वाट बघत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिला आपल्या घरी आपल्या पायानं जायचं होतं.

सिद्धेश्वरीनं संध्याकाळी गुरुवारच्या फोनच्या यादीतल्या उरलेल्या दहाही जणांना फोन लावले, कुणालाच आराम विचारला नाही, आणि त्यातल्या दोघांना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलावून घेतलं. निंगव्वाकडे मात्र ती रोज स्वतः जाऊ लागली. एप्रिलचं ऊन, स्कूटीची सीट तव्यासारखी, आणि पोचल्यावर पाण्याच्या तांब्याबरोबर निंगव्वाच्या शिव्या. बाई खुर्चीत बसे, पावलाखाली प्लास्टिकची पिशवी घेई म्हणजे फरशीवर पाय सरकावा, आणि पाऊल मागं मागं ओढी. जिथं अडे तिथं डाव्या पायानं उजव्याला रेटायचं आणि दहा आकडे धरून ठेवायचं. निंगव्वा आकडे मोजत नसे. ती कानडीत सिद्धेश्वरीच्या सात पिढ्या मोजत असे. सिद्धेश्वरीला बरंचसं कळायचं.

"अजून धरा."

"तुजं वाटोळं झालं!"

"होऊ दे. अजून दोन."

शिवूला हे ऐकवत नसे. तो गच्चीवर निघून जाई. चौथ्या दिवशी सिद्धेश्वरी आली तर गुडघ्याखाली उशी परत हजर. शिवू खाली मान घालून उभा. "रातभर कण्हत व्हती, मॅडम. माझ्यानं बघवंना."

सिद्धेश्वरी तोंड उघडणार तोच निंगव्वानं ती उशी उपसली आणि पोराच्या छातीवर हाणली.

"तुजी माया माज्या पायावर नको करू!" ती ओरडली. "तुला बघवंना म्हून मी जलमभर खाटेवर पडू व्हय? आं? दुखतंय ते मला दुखतंय! तू कशाला रडतोस?"

उशीची शिवण उसवली, नवा कापूस घरभर झाला. काव्या केरसुणी घेऊन आली आणि तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवसापासून सासूचा पाय धरायला शिवू नाही, काव्या बसू लागली. तिचा हात बरा होता. ती रडत नसे.

पंचावन्न. साठ. मग आठवडाभर बासष्टवर असा अडला की सिद्धेश्वरी घरी जाऊन भांडी आपटायची. हा गुडघा हिनं बिघडवला होता आणि हिलाच तो मोजावा लागत होता. मग एकाएकी सत्तर. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सर्जननी पट्टी लावली, अठ्ठ्याऐंशी निघाले. "भुलीची गरज नाही," ते म्हणाले. "चालू ठेवा." शिवूनं सगळ्यांच्या पाया पडायला सुरुवात केली.

निंगव्वा सिद्धेश्वरीला म्हणाली, "श्टँडवर चल."

शिवू मोटार काढतो म्हणाला. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अक्कलकोटवरून गावाकडं जाणारी एसटी लागलेली होती. सिद्धेश्वरी मागं उभी राहिली, हात लावायला तयार, पण न लावता. चढताना आधी चांगला पाय, हे तिनं शंभरदा घोकून घेतलं होतं. निंगव्वानं दांडा धरला, डावा पाय पायरीवर टाकला, अंग वर उचललं. उजवा पाय खाली राहिला. तो वाकला, पायरीच्या कडेला अडखळला. मागून कुणीतरी म्हणालं, "आज्जी, आरामात, आरामात." निंगव्वानं वळून त्या माणसाला अशी एक कानडी शिवी हासडली की तो दोन पावलं मागं सरला. तेवढ्या रागात पाय पायरीवर आला.

ती आत गेली आणि खिडकीशी बसली. नुसती चढून बघेल आणि उतरेल, असं शिवूला वाटत होतं. ती उतरली नाही. "आव्वा, पिशवी! आव्वा, औषधं!" करत तो खिडकीखाली धावला, आणि शेवटी काव्यानंच पिशवी वर दिली. ती तिनं घरूनच भरून आणली होती.

सिद्धेश्वरीला वाटलं, आता तरी ही बाई एक गोड शब्द बोलेल. निंगव्वानं खिडकीतून बोट रोखलं.

"गुरुवारी फोन कर. पन आराम इचारू नको."

गुरुवारी सिद्धेश्वरीनं फोन लावला. आराम जिभेच्या टोकापर्यंत आला होता, तो तिनं गिळला.

"अव्वा, गुडघा किती वाकतो?"

पलीकडे म्हैस ओरडली. मग निंगव्वाचा आवाज आला, तसाच तिखट.

"फोनातनं दिसतोय व्हय तुला? ये आन् बघ."

सिद्धेश्वरीच्या कपाळाची शीर उडाली. दुपारचे पाच पेशंट होते, ऊन मरणाचं होतं, आणि गाव दोन तासांवर. तिनं तणतणत पाचही जणांना संध्याकाळची वेळ दिली, कोन मोजायची पट्टी पिशवीत टाकली आणि स्टँडचा रस्ता धरला.