आत घेतलेली बाही

"बाही वर करा, मास्तर. आज लाजताय काय?"

टेलरमास्तरांनी बाही सरकवली, पण अर्धीच. सिस्टरने ती उलटवली आणि सुई टोचायची सोडून थांबली. आतल्या अंगाला शिवणीवर शिवण होती. हात वाळत गेला, बाही आत येत गेली. बाहेरून पाहावं तर सदरा कसा अंगासरसा बसलेला.

"काकूंना ठाऊक आहे हे?"

"तिला कशाला? आधीच काळजीनं अर्धी झालीय. आणि गिऱ्हाइकाचं माप आम्ही कुणाला सांगत नाही."

सिस्टर हसली नाही. सुया लावून तिने डायलिसिसचं मशीन सुरू केलं. नळ्यांतून रक्त फिरू लागलं, तशी ती बाहेरच्या बाकावरच्या काकूंना आत घेऊन आली.

"काकू, यांना जेवायला काय देता?"

काकूंचा चेहरा खुलला. "डॉक्टरांनी सांगितलं तस्संच. अंडं नाही, मासे नाहीत, दूध नावाला. मूत्रपिंडावर भार नको ना. हे मागतात कधीकधी लाडीगोडी लावून, पण मी कसली ऐकतेय."

"ते मशीन लागायच्या आधीचं पथ्य. नंतर नवं सांगितलं असेल की."

"असेल बाई. त्या दिवशी मला हे मशीन सोडून काही दिसतच नव्हतं."

सिस्टरने स्टूल ओढलं. "तेव्हा ते बरोबरच होतं, काकू. पण मशीन रक्त धुतं, तेव्हा घाणीबरोबर कामाचंही वाहून जातं. अंडी-मासे खाल्ले की पोटात त्यांचे बारीक कण होतात, अमिनो आम्लं म्हणतात त्यांना. त्यांच्यावर अंग भरतं. ते दर खेपेला थोडेथोडे जातात. भरून काढले नाहीत, तर शरीर स्वतःच्याच मांसाला हात घालतं. आता यांना जास्त खायला हवं. अंड्यातलं पांढरं तर रोज. पिवळं मात्र बेतानं."

मास्तरांची बाही नीट करायला काकूंनी हात पुढे केला आणि बोटं शिवणीवर अडली. जन्मभर काजं-बटणं केलेली बोटं ती. एक पदर, दुसरा, तिसरा, असं चाचपत गेली.

"म्हणजे मीच उपाशी ठेवलं तुम्हांला."

"तू एकटीनं कुठे? तू पथ्य पाळलंस, मी मापं लपवली. दोघांनी मिळून कापड मारलं." मास्तरांनी मोकळा हात काकूंच्या हातावर ठेवला. "मी आधी दाखवायला हवं होतं, गं."

घरी पोचल्यावर काकूंनी वाटेत घेतलेली अंडी उकडली. सोलायची सवय गेली होती, टवके उडाले. पांढरं सगळं त्यांनी मास्तरांच्या ताटलीत वाढलं. मास्तर सावकाश चावत राहिले, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाशी बोलावं तसे.

"पिवळं तू खा."

"मला नको. सोडलंय मी."

"कधी?"

"तुमचं बंद झालं तेव्हाच."

मास्तरांनी चावणं थांबवलं. मग एक पिवळा गोळा चिमटीत धरून काकूंच्या तोंडापुढे नेला.

"खा लवकर. हात दुखतोय माझा."

काकू जवळ सरकल्या. त्यांनी तो हात कोपराखालून तळव्यावर तोलून धरला आणि तोंड उघडलं.