पसंत न पडलेला आंबा

माझे बाबा, गनी, तारकर्लीला होड्या कोरायचे. आंब्याचं अख्खं खोड आतून कोरून केलेली होडी. आता सगळीकडे फायबरच्या होड्या आल्यात, पण बाबांचं म्हणणं, फायबरमध्ये बसलं की बादलीत बसल्यासारखं वाटतं. हात चालतायत तोवर एक शेवटची होडी कोरायची, हा त्यांचा हट्ट. गेली चार वर्षं घरात दुसरा विषय नव्हता आणि मी खरंच वैतागले होते.

झाडही तयार होतं, अगदी हक्काचं. बत्तीस वर्षांपूर्वी आंबोली घाटाखालचे दत्तारामकाका देवबागला सासुरवाडीत आले होते. भर पावसात त्यांच्या बायकोला, सावित्रीकाकींना, कळा सुरू झाल्या आणि रस्ता पाण्याखाली. बाबांनी दोघांना होडीत घातलं, फुगलेली कर्लीची खाडी पार केली आणि पलीकडे गाडीला लावून दिलं. मुलगी सुखरूप झाली. काकांनी तेव्हाच शब्द दिला, "आमच्या डोंगरातलो थोरलो आंबो तुझो. होयो तेव्हा ने."

आता नशीब बघा. त्याच बाबांची मी लेक, सुमय्या, आणि माझी नोकरी जंगल मोजायची. झाडाचा छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा, उंची घ्यायची, जात लिहायची आणि त्यात किती कार्बन साठलाय ते काढायचं. झाड हवेतला कार्बन पानांनी ओढून घेतं आणि त्याचंच लाकूड करतं. मुळांतून, कुजलेल्या पाल्यातून तो मातीतही उतरतो. झाड तोडून जाळलं की तोच परत हवेत जातो. मग हवा तापते, समुद्र तापतो, आणि बाबाच मला विचारतात, बांगडो खंय गेलो? यंदा मोजायच्या डोंगरांत दत्तारामकाकांचा डोंगर आला आणि थोरला आंबा माझ्या यादीत तीनशे सतरा नंबरचा झाला. त्याचा हिशोब मी तीनदा केला. भोवतालच्या पन्नास झाडांत मिळून असेल तेवढा कार्बन त्या एकट्याच्या पोटात होता.

घरी येऊन मी बाबांना हे सांगितलं. ते जाळं शिवत होते.

"मगे होडी काय लोखंडाची असता?" ते म्हणाले. "लाकूडच ना ता? मी काय जाळतलंय?"

"बाबा, होडयेत खोडाचो चौथो हिस्सो ऱ्हवता. बाकीचा कोरून चुलीत जाता. तुमीच सांगतास."

त्यांनी जाळ्यात पुढची गाठ मारली. मला वाटलं, पटलं. पटलं कसलं! दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना फोन करून झाड बघायला येतो म्हणून कळवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करता काय?

काकांनी तोडीच्या परवानगीचा अर्जही भरून ठेवला होता. फक्त बाबांनी झाड पसंत करायचं बाकी होतं. बाबा आणि मी डोंगरावर गेलो त्या दिवशी सकाळीच काकांनी भोवतालची रानवेल काढली होती, बुंधा पुसून घेतला होता. मुलगी दाखवायची असली की घरात चालते तशी सगळी तयारी. बाबा मागून दम खात चढत होते, तेवढ्यात काका माझ्याजवळ आले.

"चेडवा, ह्यो गेल्यार तुझ्या मापात किती कमी होतला गो?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी बुंध्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

"नको वाटता तर सांगा बाबांका," मी म्हटलं.

"मी बोललंय ता बोललंय. माझी बायल आणि चेडू वाचवल्यान तेना."

काकांना झाड हवं होतं आणि ते तसं कधीच म्हणणार नव्हते. माझ्या बाबांचा मला इतका राग कधी आला नव्हता.

बाबा वर पोचले. काकांकडून कुऱ्हाड घेऊन त्यांनी तिच्या पाठीने बुंध्यावर ठोकलं. दोन पावलं सरकून पुन्हा ठोकलं, कान लावला. मग मान वर करून फांद्यांकडे बघत राहिले. किती वेळ बघावं माणसाने! लहानपणापासून हा आवाज मी ऐकत आलेय. भरीव लाकूड कसं वाजतं आणि पोकळ कसं, हे मी झोपेतही सांगेन. हे लाकूड भरीव होतं. यापेक्षा चांगलं खोड बाबांच्या हाताखाली कधी आलंच नसेल.

"दत्ताराम," बाबा म्हणाले, "पोकळ आसा रे. होडयेक चलाचो नाय."

"पोकळ?"

"आतसून पुरो गेलो. ऱ्हवांदे तसोच उभो."

काका बुंध्याला टेकून खाली बसले आणि टॉवेलाने तोंड पुसायला लागले. पुसण्याएवढा घाम काही आला नव्हता. "मगे दुसरा बघ," ते म्हणाले. "हयसर रग्गड आसत."

"दुसरा नको. माझा मन ह्या एकावरच होता."

माझ्या तक्त्यात या झाडाचा एक रकाना भरायचा राहिला होता: खोड पोकळ आहे का? पेन हातात धरून मी तशीच उभी राहिले. होय लिहावं तर आंब्याचा कार्बन कागदावरून उडणार, नाही लिहावं तर बाप खोटा ठरणार. बाबा माझ्यामागे येऊन हळूच म्हणाले, "खरां काय ता लिव. तुझो कागद दत्ताराम कित्याक वाचतलो?"

मी 'नाही'वर खूण केली.

उतरताना काका पुढे वाट साफ करत चालले होते. त्यांना ऐकू जाणार नाही एवढं अंतर पडू दिलं आणि मी विचारलं, "असा कित्याक केलास, बाबा?"

"चाळीस वर्सां माझ्याकडे झाडां आडवीच इली गो. उभा मी कधी बघूकच नाय होतंय."

मी त्यांचा हात धरला. शेवटची होडी आता होणार नव्हती, आणि ते त्यांनी आपणहून ठरवलं होतं. मला रडू आवरेना.

"रडा नको," बाबा कुजबुजले. "दत्तारामान बघल्यान तर तेका समाजतला."