उलट्या घावांचा दगड

जुन्या भिंतीतला दोनशे बारा नंबरचा दगड परग्रहावरच्या लोकांनी घडवला, असं एका व्हिडिओवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं आणि भिंतीची देखभाल करणाऱ्या कार्यालयाची झोप उडाली. बाकी सगळ्या दगडांवर छिन्नीचे घाव उजवीकडून डावीकडे उतरतात, या एकावर उलटे, आणि इतके सारखे की माणसाच्या हाताला ते जमणंच शक्य नाही, हा त्याचा पुरावा. आपल्याला कळलं नाही की लगेच आकाशाकडे बोट दाखवायचं, याला अभ्यास म्हणतात म्हणे. पण लाखो लोकांनी माना डोलावल्या होत्या. साहेबांनी भिंतीचे नकाशे काढणाऱ्या बाईला बोलावून सोमवारपर्यंत खुलासा लिहून मागितला.

बाई हसत हसतच भिंतीपाशी गेली. दगडावरून बोटं फिरवली आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. हे घाव तिच्या ओळखीचे होते. लहानपणी घराच्या पायरीवर बसून ती असल्याच रेघांमध्ये बोट घालून खेळायची. ती पायरी तिच्या वडिलांनी घडवली होती. वडील पाथरवट, हातोडा डाव्या हातात धरणारे. कामावर सगळे त्यांना डावरा म्हणत.

म्हणजे हा दगड मूळचा नव्हता, वडिलांनी नवा घडवून बसवला होता. चाळीस वर्षांपूर्वी ही भिंत उतरवून पुन्हा रचली ती वडिलांच्या टोळीनं, एकाही दगडाला इजा न करता. तसं मानपत्रच त्यांना मिळालं होतं आणि ते घरात दारासमोर टांगलेलं होतं. खरं लिहावं तर म्हाताऱ्याच्या उभ्या जन्माच्या कामावर पाणी फिरणार, न लिहावं तर परग्रहवाले जिंकणार. वडिलांसमोर बसायची तिला भीती वाटू लागली, कारण त्यांना तिचा चेहरा नेहमीच वाचता यायचा.

रविवारी दुपारी त्यांनीच विषय काढला. शेजाऱ्यानं त्यांना तो व्हिडिओ दाखवला होता.

"तुला कळलंय ना?" त्यांनी विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी सगळं सांगितलं. पहार निसटली आणि दगड दुभंगला. तेव्हाचे साहेब रजेवर होते. नऊ दिवस शेडमागे बसून त्यांनी तसाच दुसरा घडवला, जागेवर बसवला आणि तोंड शिवून घेतलं. बोलता बोलता ते उठले, तिला परसात घेऊन गेले आणि धुण्याच्या दगडाखालचा एक तुकडा ओढून उलटा केला. मोडलेल्या दगडाची ही भिंतीआड राहणारी बाजू होती. तिचा एक कोपरा कधीकाळी उडालेला होता आणि चुन्यात दगडाची भुकटी कालवून बुजवलेला होता. चुन्यावर तो मूळ दगड घडवणाऱ्या जुन्या पाथरवटाच्या अंगठ्याचा ठसा होता.

"हा बघ परग्रहवाला," ते म्हणाले. "त्याचाही कोपरा उडाला होता. मुकादमाला दिसू नये म्हणून लपवलाय. चाळीस वर्षं मी याच्याशीच बोलतोय. दुसऱ्या कुणाशी बोलणार होतो?"

तिचे डोळे भरून आले. तिनं हळूच सुचवलं की 'नंतरची दुरुस्ती, कारागीर अज्ञात' एवढं लिहिलं तरी भागेल, मानपत्रही राहील.

"अज्ञात लिहिलंस तर तुझ्यात आणि त्या व्हिडिओवाल्यात फरक काय राहिला?" वडिलांचा आवाज कापत होता. "तोही तेच करतोय. ज्यानं हात झिजवले त्याचं नाव पुसतोय. या बिचाऱ्याचं नाव आपल्याला माहीत नाही. माझं तुला माहीत आहे."

ती आत गेली, कागद घेऊन आली आणि त्यांच्याजवळ पायरीवर बसली. दगड फुटल्याचं लिहिलं, नऊ दिवसांचं लिहिलं, अंगठ्याचंही लिहिलं. कारागिराच्या नावापाशी पेन थांबलं.

"डावरा लिही," ते म्हणाले. "म्हणजे घाव उलटे का, ते वेगळं सांगायला नको."