नऊ दिवसांची विचारपूस

"मेर्शा! अरे ए मेर्शा! रात्र कशी गेली? घरचे बरे? पोरं बरी? गाय बरी?"

रस्त्याकडेला मागावर बसलेला एंगिदा विणकर बेंबीच्या देठापासून ओरडत होता. मेर्शाने ओठ घट्ट मिटले, मान खाली घातली आणि तरातरा पुढे निघून गेला. एंगिदाशी त्याची तीस वर्षांची दोस्ती होती, आणि तोंड चुकवून जायचा हा सहावा दिवस होता.

गोंदर शहराच्या वरच्या अंगाला त्यांच्या गावात विचारपूस केल्याशिवाय कोणी कोणाला ओलांडत नाही. एकाने विचारायचं, दुसऱ्याने प्रत्येक प्रश्नाला 'देवाची कृपा' म्हणायचं आणि मग तेच सगळं उलट विचारायचं. घराला आग लागली तरी आधी हे उरकतात आणि मग आगीचं सांगतात.

मेर्शाने आयुष्यभर पाणीखात्यात पंप दुरुस्त केले. साठीला जावयाने चष्मा आणून दिला, तेव्हा तो हट्टाने अक्षरं शिकला आणि बायबलातलं शुभवर्तमान उघडून बसला. देवळातले म्हातारे गुरुजी, येनेता लिसानू, म्हणाले होते, "वाच बाबा, पण अर्थ विचारायला येत जा. जुन्या पित्यांनी, धर्माच्या थोर आचार्यांनी, ते सांगून ठेवलेत." मेर्शाला ते लागलं. आता डोळे स्वतःचे, अक्षरं स्वतःची, मग मध्ये हे म्हातारे कशाला? आणि लगेच ओळ सापडली. प्रभूने शिष्यांना बजावलं होतं: वाटेत कोणाला सलाम करू नका. यात न कळण्यासारखं काय होतं? त्याच ओळीत जोडेही घेऊ नका असं होतं, पण थंडीमुळे ते त्याने पुढच्या महिन्यावर ढकललं.

गावाला आधी वाटलं दाढ दुखत असेल. मग बहिरा झाला म्हणून कोणीतरी लसूण आणून दिला.

"चष्मा आला आणि अक्कल गेली तुमची," बायको, ताकेलेच, म्हणाली.

नवव्या दिवशी एंगिदाचा माग रिकामा होता.

"तापाने फणफणलाय तो," ताकेलेच कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "बहिणीला सारखं एकच विचारतोय, मी मेर्शाचं काय वाकडं केलं? चला, उठा. येनेतांकडे चला. नाहीतर तुमचा चष्मा मी चुलीत घालते!"

येनेता देवळाच्या झाडाखाली भाजलेले सातू खात बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पिते एक अर्थ सांगतात तो असा," ते म्हणाले. "त्या देशात विचारपूस आपल्यासारखीच लांबलचक. शिष्यांना निरोप पोचवायची घाई, म्हणून रेंगाळू नका. दुसरा असा, की अलीशा संदेष्ट्यानेही चाकराला हेच सांगितलं होतं. एका घरात लेकरू मरून पडलेलं, तिथे धावत जायचं होतं. तिसरा असा, की थोरामोठ्यांची खुशामत करत फिरू नका. माणूस तोडा, असा अर्थ एकाही पित्याने सांगितलेला मी ऐकला नाही. तू शोधून दाखव, माझी पोथी तुझी."

"पण लिहिलंय तर स्पष्ट, येनेता!"

"पंपाच्या चाकावरही लिहिलेलं असतं, उजवीकडे फिरवा. किती फिरवायचं, हे पहिल्या वर्षी कोणाला विचारलंस?"

"जुन्या मिस्त्रीला," मेर्शा म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मग? पिते म्हणजे आपले जुने मिस्त्री. आपल्या कितीतरी आधी त्यांच्या हातांना वंगण लागलंय. जा आता. आज तो चाकर तू आहेस."

मेर्शा उतारावरून धावत सुटला. बायको त्याला गुरुजींकडे घेऊन गेल्याची बातमी गावभर झाली होती, त्यामुळे जो तो दारात उभा होता.

"मेर्शा, सुटली का रे वाचा? रात्र कशी गेली?"

त्याचं तोंड उघडलं होतं, पण त्याने पुन्हा मिटून घेतलं आणि पळत राहिला.

"काही फरक नाही हो," कुंभारीण हळहळली. मागून ताकेलेच धापा टाकत दोघांच्या वाटची विचारपूस करत येत होती.

खाटेवर पडलेल्या एंगिदाने त्याला पाहिलं आणि भिंतीकडे कूस वळवली.

"कोण आलंय? माझ्या ओळखीतलं नाही."

मेर्शाला स्वतःची फार लाज वाटली. तो तिवईवर बसला आणि सुरुवात केली. रात्र कशी गेली, घरचे कसे, गुरं कशी, पीक कसं. एकाही प्रश्नाला उत्तर आलं नाही.

"हे पहिल्या दिवसाचं झालं," एंगिदा भिंतीला म्हणाला.

मेर्शाने दुसऱ्या दिवसाचं घेतलं, मग तिसऱ्याचं. चौथ्याला 'देवाची कृपा' आलं. सहाव्याला एंगिदाने कूस बदलली.

"आणि खेचर कसं आहे?"

"खेचर मरून चार वर्षं झाली, गाढवा. पुरायला तूच आला होतास."

"रीत आहे म्हणून विचारलं."

एंगिदा हसला आणि खोकत राहिला. आठव्या दिवसाला त्याचा आवाज इतका बारीक झाला, की मेर्शाला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला. नवव्याच्या सुरुवातीलाच त्याचे डोळे मिटले. श्वास चालू होता, पण फार सावकाश.

"झोप लागलीय, दादा," बहीण म्हणाली. "उरलेलं उद्या विचारा."

"मी बसतो," मेर्शा म्हणाला.

त्याने तिवई खाटेला लावली आणि हळू आवाजात नवव्या दिवसाचं सगळं विचारलं. प्रत्येक प्रश्नानंतर तो उत्तराला पुरेल एवढा थांबत होता.