जगदेवीची जागा

भूकंपमापक ठेवायला माती चालत नाही, खडक लागतो. निलंग्याजवळच्या एका शेताच्या कोपऱ्यात तो लागला. नोकरीत मी स्वतः निवडलेली ही पहिली जागा. जमीन गौरम्माच्या नावावर, कसायला पुतण्या संगमेश.

"ताई, भूकंप यायच्या आधी सांगतंय का ह्ये मशीन?" संगमेशने विचारलं.

"नाही. आल्यावर."

"आल्यावर तर आमच्या म्हशीलाबी कळतंय की!"

खड्डा चौकोनी, छातीइतका खोल झाला. बांधावर बसलेली गौरम्मा उठून काठाशी आली.

"आमच्यात असाच खंदतेत," ती म्हणाली. "मयताला बसवून पुरायला."

तिने कमरेच्या पिशवीतून चांदीची डबी काढली. आत तिच्या मुलीचं, जगदेवीचं इष्टलिंग होतं. ते जन्मभर गळ्यात असतं आणि मेल्यावर तळहातावर ठेवून सोबत पुरतात.

"त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेल्या समद्यास्नी एकाच सरणावर जाळलं. कोण कुणाचं, बघायला येळ नव्हता. ही डबी मागून ढिगाऱ्यात घावली." बस किती वाजता येते हे सांगावं, तसं ती सांगत होती. "हिला इथं ठिव. मग तुजं मशीन. न्हाईतर जागा देत न्हाई."

"मावशी, इतकी वर्षं का नाही पुरलीत?"

"मातीत कशी ठिवू? माती हलती. काल तूच म्हणलीस, खडक बरा."

"खडकही हलतो. मातीपेक्षा कमी."

"कमी चालंल."

यंत्राचा चौथरा आणि खडक यांच्यामध्ये काहीही ठेवायचं नाही, असा आमचा नियम. मी चौथऱ्याची जागा सोडून, खड्ड्याच्या कोपऱ्यात खडकातच एक खाच पाडून घेतली. गौरम्मा खाली उतरली. खाचेत विभूती टाकली, डबी ठेवली, वरून सिमेंट थापलं. हात पदराला पुसले.

"झालं," म्हणाली.

यंत्र सुरू झालं. नांदेडच्या ऑफिसात पडद्यावर रेघ सरळ जात राही. पोळ्यानंतर एका दुपारी ती थरथरली. धक्का लहान होता, गावात कुणाला जाणवलाही नसेल. मी मोजमाप घेतलं, वरिष्ठांना कळवलं. मग संगमेशला फोन लावला आणि मावशीला द्यायला सांगितलं.

"हलली का?" तिने विचारलं.

"हो. थोडी."

"किती?"

"केसाच्या जाडीपेक्षा कमी."

मागे बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"मग झोप मोडली नसंल," ती म्हणाली, आणि फोन संगमेशकडे दिला.